बाळंतपण शिकायचे असते काय?

'बाळंतपणाचा वर्ग' हे शब्द ऐकले की आपल्याकडे पहिल्यांदा हसू येते. पारावर बसलेला एखादा म्हणतो, "गाईम्हशींना कुणी शिकवलं?" घरातली आजी तर स्पष्टच सांगते, "आमाला कुठं शाळा व्हती, बाई? सात खेपा झाल्या, सातीच्या साती घरात झाल्या. बाईमाणसाला हे शिकवावं लागतं व्हय?" सूनबाई गप्प राहते. पण तिच्या मनात निराळेच चाललेले असते. पहिली खेप, दिवस भरत आलेले, आणि पुढे काय होणार हे धड कुणी सांगत नाही. शेजारणीने शहरातल्या वर्गाचे नाव काढलेले असते. तिथे फी पडते, जाण्यायेण्याचे भाडे लागते, दिवसाची मजुरी बुडते. मग जावे की न जावे? आज आपण याच प्रश्नाचा विचार करू.

आधी आजीचे म्हणणे नीट ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. आजीला शाळा नव्हती हे खरे. पण शिक्षण नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. ती ज्या घरात वाढली, तिथे आई, काकू, आत्या, थोरली बहीण यांची बाळंतपणे आतल्या खोलीत होत असत. पाणी तापवणे, शेगडी पेटवणे, सुईणीला बोलावून आणणे ही कामे तिने लहानपणी केलेली असत. कळा किती वेळ चालतात, बाई कशी ओरडते, मग कशी शांत होते, हे तिच्या कानांवरून गेलेले असे. घर हाच तिचा वर्ग होता, फक्त त्याला कुणी वर्ग म्हणत नव्हते.

आज ते घर राहिलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात असे आढळले की महाराष्ट्रात शंभरांतली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात. ही गोष्ट चांगलीच झाली. पूर्वी घरोघर एखादी तरी बाई बाळंतपणात गेल्याचे सांगत. २०१८ ते २०२० या वर्षांच्या सरकारी नोंदणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्याचे दिसते. साऱ्या देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. पण बाळंतपण दवाखान्यात गेले, तशी त्याची माहितीही घरातून गेली. आजच्या मुलीने दहावी-बारावी केली असेल, तरी बाळंतपण तिने पाहिलेले नसते, ऐकलेलेही नसते. तिने पाहिलेले असते ते दवाखान्याचे बंद दार. तेव्हा आजीच्या वेळी जे आपोआप मिळत होते, ते आज मुद्दाम मिळवावे लागते. शिकण्याची गरज आहे ती एवढ्यासाठी.

आणि आजीच्या शाळेत काही धडे चुकीचेही होते, हे सांगितले पाहिजे. पहिल्या दिवसाचा पिवळसर चीक पिळून टाकून देत. बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवीत. कळा नीट सुरू होण्याआधीच बाईला जोर द्यायला लावीत आणि ती दमून जाई. बाळंतपणाचे शास्त्र शिकावे असे वाटणारी आपली पहिली लेक दूर कुठली नव्हती, याच महाराष्ट्राची होती. डॉ. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसच जगले. त्या अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हाच होता.

आता हे वर्ग म्हणजे काय ते पाहू. विलायतेत डॉ. ग्रँटली डिक-रीड नावाच्या डॉक्टरांनी १९३३ साली एक पुस्तक लिहून असे मांडले की भीतीने अंग आखडते, आखडलेल्या अंगाला कळ जास्त लागते आणि कळ जास्त लागली की भीती आणखी वाढते. हे रहाट थांबवायचे तर बाईला आधी समजावून सांगा. पुढे पॅरिसचे डॉ. फर्नांड लामाझ यांनी रशियात पाहून आलेली श्वासाची पद्धत १९५१-५२ च्या सुमारास आपल्याकडच्या स्त्रियांना शिकवायला सुरुवात केली. तिथून असे वर्ग जगभर गेले. पुण्या-मुंबईत ते आले आणि आता जिल्ह्याच्या गावीही खाजगी प्रसूतिगृहांतून, योगवर्गांतून भरतात. आपल्याकडे त्यात गर्भसंस्काराचीही भर पडली आहे.

या वर्गांनी खरोखर काय साधते? येथे भाबडेपणा नको आणि टवाळीही नको. निरनिराळ्या देशांतले प्रयोग एकत्र तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिने २००७ साली वर्गांविषयीचे ९ प्रयोग तपासले. त्यांत २,२८४ स्त्रिया होत्या. निष्कर्ष असा निघाला की बाळंतपण सोपे होते किंवा सिझेरियन टळते असे यावरून ठामपणे म्हणता येत नाही. त्याच संस्थेने २०१७ साली आणखी एक तपासणी केली. ती होती कळांच्या वेळी बाईजवळ सतत कुणीतरी आधाराला असण्याविषयी. त्यात २६ प्रयोग आणि पंधरा हजारांवर स्त्रिया होत्या. ज्यांच्याजवळ असे माणूस होते, त्यांच्यात हत्यारांवाचून, शस्त्रक्रियेवाचून बाळंत होणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते, कळांचा काळ थोडा कमी होता आणि सिझेरियनही कमी झाली होती.

यातून आपण घ्यायचे ते असे. केवळ श्वास घ्यायला शिकून बाळंतपण हाती येत नाही. जवळ शहाणे, धीर देणारे माणूस असले तर मात्र फरक पडतो. आणि ते माणूस शहाणे व्हायचे तर त्यालाही आधी काही कळलेले असावे लागते. म्हणून वर्ग एकट्या गरोदर बाईचा नाही. तो तिच्याबरोबर जाणाऱ्या माणसाचाही आहे.

ही गोष्ट खेड्यात तर फारच महत्त्वाची ठरते. सांगोला किंवा मंगळवेढ्याकडची एखादी वस्ती डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे अकरा वाजले आहेत. सूनबाईच्या अंगावरून रक्त जाऊ लागले आहे. दवाखान्यात न्यायचे की नाही, हे ती स्वतः ठरवते काय? नाही. सासू म्हणते, "पहाटेपर्यंत बघू." नवरा सासऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. सासरा म्हणतो, "गाडी सांगायची तर पैसं?" या बोलण्यात दोन तास निघून जातात. माता का दगावतात याचा अभ्यास करणारे जाणकार तीन उशीर सांगतात: ठरवायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. दुसरा उशीर रस्त्याच्या आणि गाडीच्या हातचा, तिसरा दवाखान्याच्या हातचा. पण पहिला उशीर आपल्या घरातला आहे. तो कमी करायला औषध लागत नाही, पैसा लागत नाही. लागते ती माहिती, आणि तीही ज्याच्या शब्दावर घर हालते त्याला असावी लागते. सूनबाईने वर्गात सगळे शिकून घेतले आणि सासूबाईंना काहीच ठाऊक नसले, तर त्या रात्री सूनबाईचे शिक्षण उंबऱ्याच्या आतच राहते.

मग वर्गात शिकायचे तरी काय? पाच गोष्टी पुष्कळ झाल्या.

पहिली गोष्ट, कळांचा क्रम. गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडत दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. पहिलटकरणीला जोराच्या कळा लागल्यापासून यासाठी बारा तासांपर्यंत वेळ लागू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले आहे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो दहा तासांपर्यंत असतो. हे ठाऊक असले म्हणजे चार तासांत बाळ झाले नाही म्हणून घरचे लोक घाबरे होत नाहीत, आणि डॉक्टरांकडे "लौकर मोकळी करा" असा लकडाही लावीत नाहीत. या काळात बाईने हवे तर चालावे, बसावे, कुशीवर निजावे, पाणी प्यावे. जोर मात्र द्यायचा तो तोंड पुरते उघडून आतून आपोआप जोर येऊ लागला म्हणजेच. कळा वाढाव्यात म्हणून घरी कुणाकडूनही इंजेक्शन टोचून घेऊ नये. त्याने गर्भाशय फाटण्याचा आणि बाळ गुदमरण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट, निघायचे केव्हा. कळा ठरावीक अंतराने येऊ लागल्या आणि वाढत चालल्या, किंवा पाणमोट फुटली, की निघावे. वस्ती दूर असेल तर आणखी लौकर.

तिसरी गोष्ट, कशासाठी क्षणभरही थांबायचे नाही. अंगावरून रक्त जाणे, फार डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर-हातांवर एकाएकी सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले तर महिना कोणताही असो, वेळ कोणतीही असो, लगेच दवाखाना गाठावा. बाळंत झाल्यावरही रक्त थांबत नसेल तर तीच गोष्ट. बाळंतपण झाले म्हणजे संकट टळले असे समजू नये. त्यानंतरचा पहिला दिवस फार जपायचा असतो.

चौथी गोष्ट, बाळाचे पहिले तास. बाळाला कोरडे करून आईच्या अंगाशी उघडे धरावे, वरून पांघरावे. तासाभरात अंगावर घ्यावे. चीक टाकू नये, ते बाळाचे पहिले औषध आहे. मध, साखरपाणी, गुटी काही देऊ नये. सहा महिने आईचे दूध पुरते.

पाचवी गोष्ट, आपला हक्क. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, मग ते साधे असो की सिझेरियन, फुकट आहे. औषधे, तपासण्या, जेवण आणि घरापासून दवाखान्यापर्यंतची व परतीची गाडी हीही त्यात येतात. गाडीसाठी १०२ किंवा १०८ हा फोन आहे. म्हणजे सासऱ्यांनी त्या रात्री विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आधीच तयार आहे. ते फक्त त्यांना ठाऊक हवे. शिवाय सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवण्यास केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली मुभा दिली आहे. जिने स्वतः बाळंतपण अनुभवले आहे अशी घरातली बाई यासाठी उत्तम. म्हणजे आजीच्या अनुभवाला दवाखान्यातही जागा आहे.

या पाच गोष्टी शिकायला शहरातच जावे लागते असे नाही. आपल्या करमाळा तालुक्यापलीकडे जामखेड आहे. तेथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्याच बायका निवडल्या. त्यांतल्या पुष्कळ जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून शेजारणींना शिकवीत: गरोदरपणी काय खावे, धोका कसा ओळखावा, बाळंतपण स्वच्छ कसे करावे. शिकलेली परकी बाई जे समजावू शकत नव्हती, ते गावची बाई चुलीपाशी बसून समजावू शकली. त्या गावांतील बालमृत्यू पुढे पुष्कळ घटले. या कामाबद्दल आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. वर्ग भरवायला फळा आणि खुर्च्या लागत नाहीत, हे जामखेडने दाखवून दिले.

आज गावात आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, उपकेंद्राच्या नर्सबाई आहेत. महिन्यातून एकदा अंगणवाडीत आरोग्य व पोषण दिवस असतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हे अभियान २०१६ मध्ये सुरू झाले. तपासणीला जातोच आहोत, तर वजन-रक्तदाब झाल्यावर लगबगीने परत फिरू नये. माता व बाल संरक्षण कार्ड पुढे करून वरच्या पाच गोष्टी एकेक करून विचाराव्यात. सुईणीपुढे पोट लपवून भागत नाही, असे आपल्याकडे म्हणतातच. तशीच शंकाही लपवू नये.

तरीही पैसे भरून शहरातल्या वर्गाला जावेसे वाटले, तर जरूर जावे. पण आधी चार प्रश्न विचारावेत. शिकवणारी बाई डॉक्टर, नर्स किंवा रीतसर शिकलेली आहे काय? सासूला, आईला किंवा नवऱ्याला बरोबर बसू देतात काय? धोक्याच्या खुणा सांगतात काय? आणि तिथली भाषा आपल्याला कळते काय? हा शेवटचा प्रश्न सोलापुरात तरी साधा समजू नये. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू आणि कानडी बोलणारी घरे गल्लोगल्ली आहेत. जी भाषा घरात बोलतो, तिच्यात ऐकलेले आडवेळी आठवते.

काही वर्गांपासून मात्र दूर राहिलेले बरे. "कळा मुळीच लागणार नाहीत", "सिझेरियन होणारच नाही", "मूल गोरे आणि हुशार होईल", "मुलगाच होईल" अशी हमी कुणी देऊ लागला, तर उठून यावे. गर्भाचे लिंग तपासणे किंवा सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि मुलगाच होईल असा उपाय तर जगात कुठेही नाही. पोटातल्या बाळाला चांगले ऐकवावे, आईने आनंदात राहावे, यात वावगे काही नाही. पण त्या आनंदाच्या नावाखाली रक्त वाढवायच्या गोळ्या थांबवायला कुणी सांगत असेल, तर ते ऐकू नये. ज्यांना रक्तदाब आहे, रक्तस्राव झालेला आहे किंवा पोटात जुळे आहे, त्यांनी व्यायाम व आसने डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत.

आता वेळेचा हिशेब. विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजारावर असते. अर्धा दिवस गेला की तितक्या विड्या गेल्या. तिला "वर्गाला ये" म्हणणे सोपे आहे, येणे सोपे नाही. तिच्यासाठी वर्गाने गल्लीत जावे, आणि पंधरा मिनिटांत एकच गोष्ट सांगावी. तंबाखूची धूळ गरोदर बाईला व बाळाला बाधते. म्हणून निदान या महिन्यांत तंबाखूचे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावे आणि हात धुतल्यावाचून जेवू नये, हेही तिथेच सांगता येईल. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे तर गाव मागे राहते आणि आशाताईही मागे राहते. तिने निघण्याआधी कार्ड बरोबर घ्यावे, आणि जिथे फड पडेल तिथला जवळचा दवाखाना कोणता, हे टोळीच्या मुकादमाला पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. तिने सासरी शिकून घेतले आणि माहेरच्यांना काहीच ठाऊक नाही, असे व्हायला नको. डोहाळेजेवणाला दोन्हीकडच्या बायका जमतातच. ओटी भरून झाल्यावर नर्सबाईंना किंवा आशाताईंना अर्धा तास बोलू द्यावे. सासर आणि माहेर एकाच वेळी शिकतील, असा दुसरा दिवस मिळणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना येथे एक विनंती आहे. गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. पालकसभेला बापे येतात, बायका येतात. त्यातला एक तास उपकेंद्राच्या नर्सबाईंना द्या. १०२ आणि १०८ हे आकडे शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. घरात मोठी माणसे गोंधळलेली असताना सातवीतल्या मुलाने भिंतीवरचा आकडा आठवून फोन लावला, तर तो पाढ्यांइतकाच उपयोगी धडा ठरेल.

तर मूळ प्रश्नाकडे येऊ. वर्गाला जावे काय? फीच्या वर्गाला गेले नाही म्हणून कुणाचे बाळंतपण बिघडत नाही. तो सोयीचा असेल, परवडत असेल, खरे सांगत असेल, तर जावे. भीती कमी होते, आणि तेही थोडे नव्हे. पण या पाच गोष्टी कळल्यावाचून मात्र कुणाच्याही घरी नववा महिना लागू नये. आज संध्याकाळी जेवणे झाली की घरच्या चार माणसांनी एकत्र बसावे. कुठल्या दवाखान्यात जायचे, गाडी कुणी बोलवायची, बरोबर कुणी जायचे, घरी लेकराबाळांजवळ कुणी राहायचे, हे ठरवून टाकावे. आणि सूनबाईच्या अंगावरून रक्त दिसले, तर कुणाचीही वाट न पाहता तिला न्यायचे, हे सासूबाईंनी सगळ्यांसमक्ष आपल्या तोंडाने सांगावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा एवढे बोलणे सोपे आहे.